१,९६४ पैकी एक

कुंभकोणमला बसून मी अमेरिकन मस्टँगवर बोलणार म्हटल्यावर बायकोचा पहिला प्रश्न होता, "आपल्या गल्लीत वळेल तरी का ती?" ती इथली, तंजावर मराठी घरातली. निवृत्तीनंतर मी तिच्या गावी राहायला आलो. गाडी वळणार नाही, हे कबूल. तरी विषय आपल्याही कामाचा आहे.

पहिल्या नंबरच्या मस्टँगपासून सुरुवात करू. कॅनडात न्यूफाउंडलँड बेटावर सेंट जॉन्स नावाचं शहर आहे. १९६४ मध्ये तिथल्या फोर्डच्या विक्रेत्याकडे नुसती दाखवायला म्हणून एक पांढरी, उघड्या टपाची मस्टँग पाठवली होती. स्टॅनली टकर नावाच्या विमान कंपनीतल्या वैमानिकाने ती पाहिली आणि पैसे मोजून घरी नेली. ती निघाली मालिकेतली पहिली! कंपनीने परत मागितली, तर हा देईना. जवळजवळ १०,००० मैल त्याने ती मजेत चालवली. शेवटी १९६६ मध्ये दहा लाखावी मस्टँग बदल्यात घेऊन त्याने पहिली परत केली. आज ती अमेरिकेत डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

दहा लाख, आणि तेही दोन वर्षांच्या आत. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ही गाडी लोकांसमोर आली. पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० मागण्या, पहिल्या वर्षात चार लाखांवर गाड्या. किंमत २,३६८ डॉलरपासून. खालचे बरेच भाग फाल्कन या फोर्डच्याच साध्या घरगुती गाडीचे, म्हणून ती परवडली. शुद्धतावादी मंडळी तिला स्पोर्ट्स कारच मानत नाहीत, तो मान कॉर्व्हेटचा म्हणतात. म्हणोत. शाळेतली शिक्षिकाही घेऊ शकेल अशी देखणी गाडी, हे मस्टँगचं खरं कर्तृत्व.

पन्नास वर्षं झाली तेव्हा फोर्डने काय केलं? २०१४ मध्ये 'फिफ्टी इयर लिमिटेड एडिशन' आणली. फक्त १,९६४ गाड्या. रंग दोनच, विम्बल्डन व्हाइट आणि कोना ब्लू. आत डॅशवर प्रत्येक गाडीचा क्रमांक, मागे '१,९६४ पैकी एक' असं सांगणारा गोल बिल्ला. गाडी उत्तम होती, मला आवडते. पण १,९६४ हा आकडा कॅलेंडरमधून आला. कारखान्याला त्याहून जास्त बनवता येत नव्हत्या, असं अजिबात नाही. लाखोंनी विकली गेली म्हणून मोठी झालेल्या गाडीचा सन्मान मुद्दाम थोड्या बनवून केला, हे मला जरा गमतीचं वाटतं.

आपल्याकडेही हेच झालं. दुसऱ्या महायुद्धात जीप बनवल्या विलीज आणि फोर्ड दोघांनी, सहा लाखांवर. विलीजचीच जीप १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली. फौजेतल्या माझ्या पिढीचा अर्धा जन्म त्या वंशाच्या गाड्यांत गेला. पाठीचे मणके अजून साक्ष देतात. त्याच वंशातली थार. २०१९ मध्ये जुन्या थारच्या शेवटच्या ७०० गाड्या 'थार ७००' म्हणून काढल्या, सत्तर वर्षांच्या वारशाच्या नावाने. वर आनंद महिंद्रांच्या सहीचा बिल्ला, किंमत ९.९९ लाख. पुढच्या वर्षी नवी थार आली. तिची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली, ते पैसे कोविडच्या मदतकार्यासाठी होते. २०२३ पर्यंत नव्या थारनेही लाखाचा टप्पा ओलांडला.

हे सगळं सांगायचं कारण माझा भाचा. बंगळूरला नोकरी करतो, घरभाडं आणि दोन पोरांची फी भरतो. पुण्याची एक वापरलेली थार ७०० त्याला दिसलीय. विकणारा नव्या किमतीच्या वर मागतोय आणि हा भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढायला निघालाय. म्हणतो, "मामा, सातशेच आहेत. भाव वाढणारच."

मी त्याला म्हटलं, बाबा, एकदा इकडे ये, तुला स्वामीमलैला नेतो. कुंभकोणमपासून अगदी जवळ. तिथले स्थपती मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती लिंपतात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत पंचलोह ओततात. मग साचा फोडतात. फोडल्याशिवाय मूर्ती बाहेरच येत नाही. तिथे 'एकच' हा आकडा कुठल्या बैठकीत ठरलेला नसतो. दुसरी मूर्ती हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात, आणि ती हुबेहूब होत नाही. अशा वस्तूला 'एकमेव' म्हण. सातशेवर लोकांना बिल्ला दिसतो, म्हणून काही जण जास्त पैसे देतील, हेही खरं. पण ते देणारे तुला गरज पडेल त्या दिवशी भेटतील का?

आमच्या फौजेत प्रत्येक गाडीची कार डायरी असायची. कोणी चालवली, कुठून कुठे, किती किलोमीटर, काय दुरुस्त केलं. गाडी ताब्यात घेताना मी बॉनेटच्या आधी ती उघडायचो. भाच्याला सांगितलं, विक्रेत्याकडे सर्व्हिसचे सगळे कागद माग. चासी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळवून बघ. खाली वाकून सांगाड्याला वेल्डिंग केलंय का पाहा. डोंगरात आपटलेली थार वरून रंगवली की कळत नाही. मग बाकीचा हिशोब. महाराष्ट्रातलं ना-हरकत प्रमाणपत्र, कर्नाटकातला रस्ताकर, नवी नोंदणी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१९ ची गाडी २०३४ ला पुन्हा तपासणीला उभी राहणार. डिझेल आहे, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर काय बंधनं आली ते वाचून घे. आरटीओच्या रांगेत सहीच्या बिल्ल्याला वेगळी खिडकी नसते.

आणि एवढं करून घेतलीसच, तर ताडपत्री घालून ठेवू नकोस. पहिल्यांदा इकडेच चालवत आण. आमच्या गल्लीत थार वळते, मी मोजून ठेवलंय.