शाळा सोडल्याचे कारण



विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात चार शब्द सांगावेत अशी आज्ञा आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि त्यापुढे डी. एड., एवढीच आमची शिदोरी. विद्यापीठाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही, मग पदवीधरांच्या या मेळाव्यात उच्च शिक्षणाविषयी आम्ही काय बोलावे? परंतु गेले सहा महिने अमेरिकेत पुतण्याच्या घरी काढून आम्ही नुकतेच परतलो आहोत, आणि तेथे जे पाहिले ते आपणांस सांगितल्याविना आमच्या मनावरचे एक ओझे उतरावयाचे नाही. ते ओझे कोणते, ते ओघात येईलच.

सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून आम्ही अडतीस वर्षे नोकरी केली. त्या काळात शाळा सोडल्याचे दाखले किती लिहिले याची गणती नाही. त्या दाखल्यात एक रकाना असतो, ‘शाळा सोडल्याचे कारण’. मुलगा ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर जावो, मामाच्या गावी राहावयास जावो, की दुसऱ्या शाळेतील गुरुजी बरे शिकवितात म्हणून जावो. आम्ही त्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहीत असू. खरे कारण आम्ही कधी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. हाच रकाना पुढे एका मुलाच्या आयुष्यात एवढा मोठा होऊन आमच्यासमोर येईल, असे तेव्हा स्वप्नातही आले नव्हते.

आमचा पुतण्या कॅलिफोर्नियात स्थायिक आहे. त्याच्या मुलाचे बारावीचे वर्ष चालू असता, २०२३ साली, पुतण्याची नोकरी गेली. त्या सुमारास तेथील संगणक कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. घरात चिंता, मुलाचे लक्ष उडालेले, गुण घसरलेले. नामांकित विद्यापीठांकडे केलेले अर्ज परत आले. तेव्हा २०२४ साली त्याने घराजवळच्या ‘कम्युनिटी कॉलेजात’ नाव घातले. हे कॉलेज सर्वांस खुले असते. तेथे प्रवेशाची निवड नाही, म्हणून प्रतिष्ठाही नाही. गणेशोत्सवात मराठी मंडळी जमली की कोणीतरी सूनबाईंना विचारी, ‘मुलगा कुठल्या युनिव्हर्सिटीत?’ सूनबाई ‘इथेच, जवळच’ म्हणत आणि मोदकांचे ताट पुढे करीत.

आता ओझ्याची गोष्ट. त्याच वर्षी आपल्या स्मरणिकेसाठी ‘परदेशी शिकत असलेले आपले विद्यार्थी’ ही यादी तयार होत होती. पुतण्याने मोठ्या आशेने मुलाचे नाव कॉलेजसह कळविले होते. यादी तपासण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही ते नाव आमच्या हाताने खोडले. ‘नामांकित विद्यापीठ’ असा आपला नियम होता, आणि रक्ताचे नाते म्हणून नियम मोडला असे कोणी म्हणू नये, हाही विचार होता. परंतु खरे सांगावयाचे तर, असले नाव छापले तर लोक हसतील, असेच आमच्या मनात आले होते. पुतण्याने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. गेल्या ऑगस्टात विमानतळावर उतरलो तेव्हा आमची पिशवी त्याच मुलाने उचलली.

तेथे राहून जे समजले ते असे. अमेरिकेत एका विद्यापीठात किंवा कॉलेजात दोन वर्षे शिकून, तेथील क्रेडिट बरोबर घेऊन, दुसऱ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. यास ते ‘ट्रान्स्फर’ म्हणतात. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. कॅलिफोर्नियाने तर १९६० साली संबंध राज्याच्या उच्च शिक्षणाचा आराखडाच आखला. क्लार्क केर नावाचे गृहस्थ तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरचा आठवा हिस्सा त्या विद्यापीठाने घ्यावा, वरच्या तिसऱ्या हिश्श्यास राज्य महाविद्यालयांत जागा असावी, आणि कम्युनिटी कॉलेजांचे दार सर्वांस उघडे असावे, अशी ती वाटणी होती. आमच्यासारख्या प्राथमिक शिक्षकाला तिच्यातील पुढची गोष्ट फार मोलाची वाटली: उघड्या दाराने आत आलेल्यासही दोन वर्षांनी विद्यापीठात जाण्याचा रस्ता त्यांनी राखून ठेवला. दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्स्फर विद्यार्थी घ्यावा, असे त्या विद्यापीठाचे आजही ध्येय आहे. लॉस एंजेलिस येथील त्याच्या शाखेची चुरस जगजाहीर आहे. तेथे जे ट्रान्स्फर विद्यार्थी घेतले जातात, त्यांतील शेकडा नव्वदांहून अधिक या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात.

सगळीच विद्यापीठे इतकी उदार नाहीत. प्रिन्स्टनने १९९० साली हे दार लावून घेतले, ते २०१८ साली उघडले. हार्वर्डनेही २००८ साली दोन वर्षांसाठी ते बंद केले होते. अमेरिकेचे चव्वेचाळिसावे अध्यक्ष ओबामा हेही अशा दारातूनच गेले. लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजात दोन वर्षे शिकून ते १९८१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९८३ साली तेथून पदवीधर झाले.

खर्चाचा हिशेब आम्ही स्वतः मांडून पाहिला. राज्यातील रहिवाशास कम्युनिटी कॉलेजात एका सत्र-क्रेडिटास ४६ डॉलर पडतात. ट्रान्स्फरसाठी ६० क्रेडिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून २,७६० डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठाची एका वर्षाची फीच चौदा-पंधरा हजारांच्या घरात आहे. बापाची नोकरी गेलेल्या घरात या वजाबाकीचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको. (येथून शिकावयास जाणाऱ्यांनी मात्र हे आकडे आपले समजू नयेत. परदेशी विद्यार्थ्यास दोन्हीकडे कितीतरी अधिक पडते.)

त्या विद्यापीठाकडे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. त्याच्या सहा शाखा अशा आहेत की ठराविक विषय ठराविक गुणांनी पुरे केले, तर प्रवेशाची लेखी हमी मिळते. तो हमीचा अर्ज सप्टेंबरातच, आणि एकाच शाखेकडे करावयाचा असतो. बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन दिएगो या शाखा अशी हमी देत नाहीत. कोणत्या कॉलेजातील कोणता विषय विद्यापीठातील कोणत्या विषयाच्या बरोबरीचा, याची कोष्टके सरकारीरीत्या प्रसिद्ध असतात. मुलाने ती पहिल्या सत्रापासून भिंतीवर डकवून ठेवली होती. हे ज्याने केले नाही त्याची क्रेडिटे वाया जातात आणि दोन वर्षांची तीन होतात; त्याच्याच वर्गातील एकाचे तसे झाले. निबंधलेखनाचे दोन अभ्यासक्रम आणि गणिताचा एक, हे तर कोणासही चुकत नाहीत. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे तिसऱ्या वर्षाला येणाऱ्याचे शाळेतील गुण हे विद्यापीठ विचारातच घेत नाही. कॉलेजातील दोन वर्षांवर निवड होते. हे ऐकून आम्ही पुतण्यास दोनदा विचारले, ‘खरेच का रे?’ तो म्हणाला, ‘खरेच, काका.’

खासगी विद्यापीठांचे मात्र तसे नाही. तेथे बहुधा शाळेचेही गुण मागतात, कॉलेजातील प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात, आणि एक निबंध मागतात: आहे ते कॉलेज का सोडता, आणि येथेच का येऊ इच्छिता? म्हणजे आमचाच तो रकाना! अडतीस वर्षे आम्ही जो दोन शब्दांत भरला, तो येथे मुलाने स्वतः भरावयाचा, आणि त्याने भरलेले निवडीच्या वेळी बारकाईने वाचले जावयाचे.

नाताळच्या सुट्टीत एका रात्री मुलगा स्वयंपाकघरातील टेबलाशी हा निबंध घेऊन बसला होता. आम्हांस झोप नव्हती. त्याने आपल्या मोडक्या मराठीत तो आम्हांस समजावून सांगितला. वडिलांची नोकरी गेली, म्हणून नाइलाजाने या कॉलेजात यावे लागले. येथे वर्ग गर्दीचे, विद्यार्थी अर्धवट मनाचे. म्हणून सोडावयाचे आहे. इंग्रजी चांगलेच असावे. आम्ही विचारले, ‘बाळ, या दीड वर्षात तुला येथे काहीच मिळाले नाही काय?’

तो बराच वेळ गप्प बसला. मग सांगू लागला. गणिताचा त्याचा वर्ग संध्याकाळचा. शेजारी चाळिशीचा एक वायरमन बसे, दिवसभराचे काम आटोपून आलेला. त्यास अपूर्णांकही नीट येत नव्हते. हा त्यास शिकवू लागला आणि शिकविता शिकविता स्वतःचेच गणित पक्के होत गेले. पुढे कॉलेजच्या शिकवणी केंद्रात तो ताशी पगारावर इतरांस शिकवू लागला. प्राध्यापिकाबाईंनी ते पाहून वर्गानंतर थांबवून पुढची गणिते दिली. आता गणितच घ्यावयाचे त्याने ठरविले आहे, आणि त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षापुढचे गणित शिकविले जात नाही.

‘आजोबा, हेच कारण आहे, नाही का?’ तो म्हणाला. आम्ही काही बोललो नाही. त्याने लिहिलेले सारे पुसले आणि पहाटेपर्यंत नवे लिहिले. शिफारसपत्र त्या प्राध्यापिकाबाईंनीच द्यावयाचे कबूल केले आहे.

निकाल अजून लागावयाचे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एप्रिलअखेरपर्यंत कळेल. हमीची एक जागा बहुतेक पदरात आहे, बर्कलीचे काही सांगता येत नाही, आणि खासगी विद्यापीठाची आशा थोडीच. आम्ही मुद्दामच निकालाची वाट न पाहता आज बोलत आहोत. बर्कलीत प्रवेश मिळाल्यावर त्याचे नाव यादीत घेणे कोणासही जमेल.

आणि हा प्रश्न केवळ अमेरिकेतल्या एका मुलाचा नाही. आपल्याकडेही दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोय कित्येक वर्षे आहे. एका विद्यापीठातील क्रेडिट दुसऱ्यात नेता यावे म्हणून २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिटची बँकही काढली. तरीही आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘बारावीचे गुण’ हा रकाना सक्तीचा आहे. डिप्लोमावाल्याने तेथे काय लिहावे? गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने तो रकाना रिकामा सोडला, म्हणून तिचा अर्ज अपुरा ठरला. ती आज थेट दुसऱ्या वर्षात शिकते आहे, शिष्यवृत्तीविना. त्या छाननीतही आम्ही होतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही आज लेखी सूचना ठेवीत आहोत. अर्जातील त्या रकान्याऐवजी ‘शेवटच्या दोन वर्षांचे गुण, कोणत्याही संस्थेतील’ असे छापावे. यादीच्या नियमातून ‘नामांकित’ हा शब्द काढावा. त्या मुलीचा अर्ज पुन्हा मागवावा. आणि २०२४ च्या यादीत जे नाव आम्ही खोडले, ते यंदाच्या स्मरणिकेत त्याच्या कम्युनिटी कॉलेजच्या नावासह छापावे. सूचनेवर अनुमोदकाची सही हवी आहे. कागद चिटणीसांच्या टेबलावर आहे.