गार्ड कोणी काढला?

(बांधकाम कामगारांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



कटर आणि ग्राइंडर कसे हाताळावेत हा विषय इंजिनियरचा आहे, चळवळीचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. एका अपघाताने माझी ती समजूत पुसून टाकली.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका उपनगरात, फरशी बसविणाऱ्या एका तरुण कारागिराची दोन बोटे कटरखाली तुटली. आम्ही जागेवर पोचलो तोवर कागद तयार झाला होता. ‘कामगाराने यंत्राचा गार्ड काढून निष्काळजीपणे काम केले’ असे त्यावर लिहिले होते. ठेकेदाराने मशीन हाती दिली तेव्हाच तिला गार्ड नव्हता, असे त्याचे सोबती सांगत होते. परंतु ती मशीन आता तेथे नव्हती, आणि कागदावरील वाक्य मात्र कायम होते.

त्या वाक्याचे मोल काय, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अशी तरतूद होती, की सुरक्षेसाठी पुरविलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला आणि थेट त्यामुळेच इजा झाली, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नाही. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तरच ही पळवाट बंद होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. दोन बोटे गेली म्हणजे कायद्याच्या भाषेत संपूर्ण अपंगत्व नव्हे. तेव्हा ‘गार्ड कोणी काढला?’ हा प्रश्न एका कुटुंबाच्या भाकरीचा प्रश्न होतो.

आता यंत्राकडे पाहू. ४ इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक भरतो. ही चकती म्हणजे घासणारे कण चिकटवून केलेली वडी असते. ती हातातून पडलेली, भिजलेली किंवा तिच्यावर छापलेली मुदत उलटून गेलेली असेल, तर फिरता फिरता फुटू शकते. तिचे तुकडे चेहऱ्याकडे न येता खाली वळावेत, एवढ्यासाठीच तो गार्ड असतो.

आपल्याकडे ४ इंची मशीनवर ७ इंची चकती चढविण्याची रीत सर्रास आढळते. गार्ड काढल्याशिवाय ती बसतच नाही, आणि त्या मशीनचा वेग तिला झेपणारा नसतो. याहून भयंकर प्रकार सेंटरिंगच्या कामात दिसतो. प्लायवूड कापण्यासाठी ग्राइंडरलाच लाकडाचे दातेरी पाते लावले जाते. दाते लाकडात अडकले की मशीन उसळी मारते आणि मांडीवर, पोटावर किंवा गळ्यावर येते. लाकडासाठी वेगळी करवत असते. पण ती विकत घ्यावी लागते!

विजेचेही तसेच. प्लग तोडून उघड्या तारा काडेपेटीच्या काडीने सॉकेटात खोचलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. फरशी कोरडी कापली तर सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते आणि पुढे सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. म्हणून पाणी सोडून कापावे. परंतु पाणी आणि वीज एकत्र आली, की ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारा ईएलसीबी हवाच. चकती बदलण्याआधी प्लग काढावा. बटन बंद केल्यावरही चकती काही क्षण फिरत राहते. ती थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नये. गळ्यातला गमछा आणि सैल बाही दूर ठेवावी, डोळ्यांना चष्मा लावावा.

हे सारे सांगून झाल्यावर एक अप्रिय सत्यही बोलले पाहिजे. पुष्कळदा गार्ड कामगार स्वतःच काढतो. भिंतीलगतच्या कोपऱ्यात गार्ड आडवा येतो, कापाची रेघ दिसत नाही. पण त्याला एवढी घाई का असते? मजुरी चौरस फुटावर ठरलेली असते. गार्ड फिरवून बसविण्यात, पाते बदलण्यात, पाणी आणण्यात जाणारा वेळ त्याच्या पदरचा जातो. मशीनही बहुधा त्याने कर्ज काढून घेतलेली असते. जो दर सावधपणाला दंड करतो, त्या दराचाही हात गार्ड काढण्यात असतो. याचा अर्थ कामगाराला काही सांगू नये असा नव्हे. त्याच्या बोटांची काळजी त्याने घ्यावी असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला आहे. मात्र त्याच्या दरासाठी आपण भांडत असू तरच.

सरकारी निरीक्षकाची वाट पाहून भागणार नाही. नव्या संहितेप्रमाणे सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन २५० किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामांवर आहे. लहान इमारतीवर चार कारागीर फरशी बसवितात, तेथे तो दिसणार कोठून? तरीही गंभीर इजेचा धोका दिसल्यास तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला आहे. तो लेखी वापरावा आणि प्रत जपून ठेवावी.

म्हणून माझी विनंती अशी. नाक्यावरील प्रत्येक बैठकीत एक मशीन आणून ती उघडून दाखवा. दर ठरविताना पाते, चष्मा, ईएलसीबी यांचा खर्च आणि सुरक्षेसाठी लागणारा वेळ मालकाच्या खात्यावर मांडा. मशीन ठेकेदाराची असेल, तर ती हाती येताच गार्डसह तिचे छायाचित्र काढा. गार्ड नसेल तर तेही छायाचित्रात दिसू द्या. आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर जखमी माणसाला दवाखान्यात पाठवून एकाने मशीनजवळ उभे राहावे. तेथे लिहिले जाणारे पहिले वाक्य आपल्या गैरहजेरीत लिहिले जाता कामा नये.