काटकसर कोणाच्या पोटाची?



कामगाराला काटकसर शिकवणारे पुष्कळ भेटतात. त्याला पुरेसे वेतन द्या म्हणणारे थोडे. म्हणून प्रथमच सांगतो, काटकसर हा पगारवाढीला पर्याय नव्हे. पण हाती आलेला रुपया गळू देणे हेही शहाणपणाचे नाही.

हिशेबच पाहा. 60 वॉटचा जुना दिवा रोज 5 तास जळला, तर महिन्याला 9 युनिट वीज खातो. 9 वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटही खात नाही. डाळ तासभर भिजवून कुकरला लावली, की गॅस वाचतो. आणि सावकाराचे दरमहा शेकडा 5 व्याज म्हणजे वर्षाला शंभरावर 60 रुपये! त्यापेक्षा पतपेढीत दरमहा थोडे टाकत जावे.

मात्र एक पथ्य पाळा. आपल्या घरांत बचतीची कात्री प्रथम गृहिणीच्या ताटाला लागते. तिच्या वाटणीचे दूध बंद करून वाचवलेला पैसा पुढे औषधात जातो. आधी पुरुषांची तंबाखू सुटू द्या.

1982 च्या मुंबईच्या गिरणीसंपात महिन्यामागून महिने पगार नव्हता. गाठीला चार पैसे असतील, तरच माणूस हक्कासाठी ताठ उभा राहतो. बचत करायची ती यासाठी.