व्यसनमुक्तीचे कार्य आणि त्याचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





आजचा दिवस कौतुकाचा आहे. अशा दिवशी व्यसनाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु कार्यवाहांनी मला सांगितले, की विद्यार्थ्यांना डॉक्टर आणि इंजिनिअर याखेरीज एखादी वेगळी वाट दाखवा. मला जी वाट ठाऊक आहे ती हीच. तिच्यावर मी कसा आलो ते आधी सांगतो. कारण मी एका चुकीमुळे तिच्यावर आलो.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिक्षक होतो. आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ सकाळपासून पीत असत. त्यांची पत्नी एके दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. काहीतरी उपाय सांगा. पण बाहेर कुणाला कळू देऊ नका." मी मोठ्या आत्मविश्वासाने उपाय सांगितला. आठ दिवस खोलीत कोंडा, पैसे काढून घ्या, थेंबही देऊ नका, आपोआप सुटेल.

पहिल्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले, घाम सुटला. आम्ही म्हटले, सोंग करतात. दुसऱ्या रात्री त्यांना फिट आली. तिसऱ्या दिवशी ते पत्नीला ओळखेनात, भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून हात झटकू लागले. तेव्हा कोठे जीप काढून त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. अल्लाहच्या मेहरबानीने ते वाचले. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "दारू अशी एकदम बंद करायला यांना कोणी सांगितले?" त्यांची पत्नी माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घालून उभा होतो.

माझा हेतू वाईट नव्हता. मला ज्ञान नव्हते. चांगला हेतू आणि अज्ञान एकत्र आले, म्हणजे माणसाचा जीव जाऊ शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

झाले होते काय, ते आता सांगतो. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या दारूला सरावलेला असतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःला अधिक चेतवून तोल सांभाळतो. दारू एकाएकी थांबली, की तो चेतलेला मेंदू बेताल होतो. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. यात मृत्यूही येतो. म्हणून फार पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे आणि 'ब' जीवनसत्त्व देऊनच सोडवावयाची असते. पालकहो, आजच्या भाषणातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा.

गर्द किंवा अफूच्या जातीच्या इतर पदार्थांचे व्यसन असेल, तर धोका निराळा असतो. ते सोडताना यातना फार होतात. परंतु मोठा धोका पुढे असतो. काही आठवडे पदार्थ न घेतल्याने शरीराची सवय मोडते. मग घरी परतलेल्या मुलाने मोहाच्या क्षणी पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर त्याचा श्वास थांबू शकतो. 'मुलगा बरा होऊन आला' म्हणून घर निश्चिंत होते, त्याच दिवसांत त्याला सर्वांत जास्त जपावे लागते.

आता आपल्या घरांविषयी थोडे बोलतो. दारू आपल्या धर्मात हराम आहे आणि या शिकवणीने आपल्या असंख्य घरांचे रक्षण केले आहे. परंतु ज्याचा पाय घसरला, त्याच्या घरात हीच गोष्ट लाजेची होते. लोक काय म्हणतील, मुलींची लग्ने कशी होतील, म्हणून दार बंद होते आणि आजार आत वाढत राहतो. मुलगा खोकल्याचे औषध बाटलीच्या बाटली पितो, झोपेच्या गोळ्या घेतो किंवा एम.डी. म्हणजे मेफेड्रोन ओढतो. तेव्हा 'आपल्यात दारू नाही' एवढ्यावर आई समाधान मानते. मद्यनिषेधाचा आदेश कुरआनात टप्प्याटप्प्याने आला, असे आपले उलेमा सांगतात. याचा अर्थ आज कोणाला सूट आहे असा नव्हे. पण माणूस बदलावयास वेळ लागतो, एवढा बोध तर आपण घ्यावा. तौबाचा दरवाजा उघडा आहे असे आपण म्हणतो. मग दवाखान्याचा दरवाजा का बंद ठेवावा?

सन 2019 साली केंद्र सरकारने देशव्यापी पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. ही पाहणी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केली होती. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे 5.7 कोटी लोक देशात आहेत, असे तिच्यात आढळले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी केवळ एकाला काहीतरी उपचार मिळाला होता. उरलेल्या 37 जणांपर्यंत कोण पोहोचणार? त्यासाठी शिकलेली माणसे हवीत.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक उदाहरण आहे. 1980 नंतरच्या काळात मुंबई-पुण्यात गर्द पसरली. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी देणगी देऊ केली आणि 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी 1997 साली त्यांचे निधन होईपर्यंत वाहिली. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. पण नुसता स्वतःचा अनुभव पुरत नाही. आपण ज्या रीतीने सुटलो, त्याच रीतीने दुसराही सुटेल असे नसते. म्हणून त्यांनाही शिकावे लागते.

आता या शिक्षणात काय असते ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे नीट विचारणे. व्यसन किती खोल आहे हे चेहऱ्यावरून ठरवावयाचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने दारूसाठी दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे. किती वेळा पिता, पिणे आवरता येत नाही असे होते का, असे साधेच प्रश्न. पण ते न्यायाधीशासारखे विचारले तर खोटे उत्तर मिळते, आणि आपुलकीने विचारले तर खरे.

दुसरी गोष्ट ऐकणे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली एक पद्धत मांडली. पिणाऱ्याशी वाद घातला, की तो आपल्या पिण्याची वकिली करू लागतो. उलट, 'यातून तुम्हाला काय हवे आहे?' असे विचारून थांबले, तर सोडण्याची कारणे तो स्वतःच सांगू लागतो. मी शिक्षक, उपदेशाची सवय अंगात भिनलेली. गप्प राहण्यास शिकणे मला सर्वांत कठीण गेले.

तिसरी गोष्ट आपली मर्यादा ओळखणे. कोणाला आजच रुग्णालयात पाठवायचे आणि कोणाशी बोलून भागेल, हे समजले पाहिजे. समुपदेशकाने औषध द्यावयाचे नसते.

चौथी गोष्ट गुप्तता आणि सन्मान. मोहल्ल्यात काम करणाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर बोलली, तर पुन्हा कोणी येणार नाही. सन 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांशी संबंधित मानसिक विकारही येतात. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. मारून-बांधून व्यसन सोडविण्याचे जो सांगेल, त्याच्या दारात मुलाला नेऊ नका.

पाचवी गोष्ट म्हणजे धीर. बरा झालेला माणूस पुन्हा पिऊ लागतो. शिकलेला कार्यकर्ता त्याला 'सगळे वाया गेले' असे म्हणत नाही. पुन्हा कशाने घसरलात, हे त्याच्यासोबत शोधतो. आणि हे काम करताना स्वतःचे मन थकते, म्हणून आपल्या वरिष्ठांपाशी ते मोकळे करावयाचे, हेही शिकविले जाते.

विद्यार्थी मित्रांनो, हे शिक्षण मिळविण्याच्या वाटा अनेक आहेत. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन दोन वर्षांचा समाजकार्याचा अभ्यासक्रम करता येतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासून हे शिक्षण देत आहे. मानसशास्त्राची वाट आहे, परिचारिकेची आहे, डॉक्टर होऊन मनोविकारशास्त्राकडे वळण्याचीही आहे. मुलींना मी मुद्दाम सांगतो. व्यसनी माणसाची पत्नी किंवा आई परपुरुषापुढे मन उघडत नाही, ती तुमच्यापुढे उघडील. आणि ज्या घरात बाई स्वतःच गोळ्यांच्या आहारी गेली आहे, तेथे तर तुमच्यावाचून कोणी पोहोचूच शकणार नाही.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाने वा मुलीने हे काम निवडले, तर 'दारुड्यांमध्ये काय नोकरी करतोस' असे म्हणू नका. यात पैसा बेताचा आहे, हे मी लपवीत नाही. परंतु घरात कोणी अडचणीत असेल, तर शेजारच्या मास्तरला विचारण्यापेक्षा सरकारच्या 14446 या मोफत दूरध्वनीवर विचारा. जिल्हा रुग्णालयात जा.

ते गृहस्थ पुढे बरे झाले. दोनदा घसरले आणि दोनदा सावरले. त्यांच्या पत्नीने मला कधी बोल लावला नाही. पण ती माझ्याकडे आली तेव्हा मला जे ठाऊक असायला हवे होते, ते तुमच्यापैकी चौघांना जरी ठाऊक झाले, तरी माझे आजचे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.