अकरा विजय आणि दोन पराभव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘आपल्या तालुक्याचे आमदार गणपतराव देशमुख’. वेळ दिली वीस मिनिटे. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला वीस मिनिटांत गप्प बसवणे अवघड असते, पण प्रयत्न करतो.

आबासाहेबांविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे सुरुवात ठरलेली असते. आमदार असून एसटीने फिरायचे, राहणी साधी, पक्ष कधी बदलला नाही. सगळे खरे आहे. पण मला वाटते, आपण त्यांच्या साधेपणाचे कौतुक करतो आणि तिथेच थांबतो. साधा माणूस तर आपल्या प्रत्येक वाडीवस्तीवर सापडेल. साध्या माणसाला लोकांनी अकरा वेळा विधानसभेत का पाठवले आणि दोन वेळा घरी का बसवले, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आज मी गोष्टी कमी सांगणार आहे आणि निकालपत्रक जास्त वाचणार आहे.

आधी सनावळी. १९६२ साली ते शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. वय जेमतेम पस्तिशीचे, मूळ गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर, शिक्षण वकिलीचे. १९६७ ला पुन्हा विजय. १९७२ ला पराभव. १९७४ च्या पोटनिवडणुकीत विजय. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० असे सलग विजय. १९९५ ला पराभव. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकूण अकरा विजय, दोन पराभव. मतदारसंघ एक, पक्ष एक.

आता हे आकडे महाराष्ट्राच्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहू. १९७२ च्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा बांगलादेशचे युद्ध नुकतेच जिंकलेले होते. काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. त्या लाटेत सांगोलाही वाहून गेला. त्याच वर्षी पाऊस गेला आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांच्या घरचे लोक खडी फोडायला, नालाबंडिंगच्या कामावर गेले होते. मिलो ज्वारीची भाकरी आपल्यातल्या काहींना अजून आठवत असेल. दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी आबासाहेबांना परत बोलावले. लाट ओसरल्यावर, पोट रिकामे असताना दिलेले ते मत होते.

१९९५ चा पराभव वेगळा. त्या वर्षी राज्यात युतीचे सरकार आले, पण सांगोल्यात युतीचा उमेदवार जिंकला नाही. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले, तेही फक्त १९२ मतांनी. १९२ म्हणजे किती? आपल्या शाळेचे चार वर्ग भरतील एवढी माणसे. मी नोकरीत असताना अनेकदा मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. एखाद्या केंद्रावर दुपारच्या उन्हात रांग मोडते, चार बायका घरी धारा काढायच्या आहेत म्हणून मत न देता परत जातात. अशा अठ्ठेचाळीस केंद्रांची बेरीज केली की १९२ होतात. माझे एक मत पडले काय, न पडले काय, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी वर्गात हा आकडा सांगत आलो.

त्या पराभवानंतर आबासाहेब साठीच्या उत्तरार्धात होते. राजकारणातून बाजूला व्हायला ते वय पुरेसे होते. ते बाजूला झाले नाहीत, आणि सत्तेच्या पक्षातही गेले नाहीत. १९९९ ला त्याच पक्षाकडून उभे राहिले आणि जिंकले. त्यानंतर आणखी तीन वेळा जिंकले. २०१४ मध्ये, म्हणजे देशभर मोठी लाट असताना, पंच्याऐंशी ओलांडलेल्या या माणसाने सुमारे २५ हजारांच्या फरकाने विजय मिळवला.

आता एक अवघड प्रश्न. तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो, आणि पारावर दबक्या आवाजात विचारलाही जातो. आपला आमदार आयुष्यभर विरोधात बसला, त्यात आपल्या तालुक्याचे नुकसान झाले का? आबासाहेब मंत्री झाले ते दोनदाच. एकदा १९७८ च्या पुलोद सरकारात आणि एकदा १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात, दोन्ही वेळा थोड्या काळासाठी. बाकीची सगळी वर्षे समोरच्या बाकांवर. शेजारच्या तालुक्यांत सत्तेतले वजनदार नेते होते, तिथे कालवे आधी पोचले, कारखाने आधी उभे राहिले. आपल्या तालुक्यातली पोरे मात्र बारावी झाली की पुण्याची नाहीतर मुंबईची वाट धरायची. आज या सभागृहात बसलेल्या निम्म्याहून अधिक लोकांनी तीच वाट धरली होती. तेव्हा हा प्रश्न गैरलागू आहे असे मी म्हणणार नाही.

पण उत्तर देताना विरोधातला आमदार काय करू शकतो हेही पाहावे लागेल. त्याच्या हातात फाईल नसते, सही नसते. त्याच्या हातात तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते, अर्धा तास चर्चा असते, अर्थसंकल्पावरची कपात सूचना असते. या साधनांचा नेटाने उपयोग करायचा तर सभागृहात पूर्णवेळ बसावे लागते, कागद वाचावे लागतात. आबासाहेब ते करत. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्याच सुमारास विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला. त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाली, तेव्हा ते पुलोद सरकारात मंत्री होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना दुष्काळात आकाराला आली. तिला कायद्याचे रूप मिळावे म्हणून डाव्या पक्षांनी आणि शेतमजुरांच्या संघटनांनी रस्त्यावर आणि सभागृहात जोर लावला होता.

तुमच्यापैकी जे मुंबई-पुण्याला नोकरी करत होते, त्यांच्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ म्हणून एक रक्कम कापलेली दिसायची. तो कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसवला गेला. म्हणजे तुम्ही गाव सोडून गेलात तरी तुमच्या पगारातले चार पैसे इथल्या पाझर तलावावर, इथल्या मजुराच्या हातात येत होते. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. सांगोला पर्जन्यछायेतला. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यायचे तर पैसा लागतो आणि घाईही लागते. बच्छावत लवादाच्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता, आणि त्याआधी आपल्या वाट्याचे पाणी अडवायला हवे, या धास्तीने सरकारने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. पण महामंडळ झाले म्हणून पाणी आपोआप आपल्या शिवारात येत नाही. नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या, त्यात आबासाहेब पुढे होते. १९९५ ते १९९९ या काळात ते आमदार नव्हते, तरी हे काम थांबले नाही. आज टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी आपल्या तालुक्याच्या काही भागात येते. उशिरा आले, अपुरे आले, पण आले.

तिसरी गोष्ट तालुक्यातच उभ्या राहिलेल्या संस्थांची. सांगोल्याची सहकारी सूतगिरणी ही त्यातली ठळक. सूतगिरण्या बंद पडण्याच्या काळात ती चालती ठेवण्याचा प्रयत्न झाला, आणि गावातल्या हाताला गावातच काम मिळाले. आपले शेतकरीही कमी पडले नाहीत. थेंबाथेंबावर डाळिंब पिकवले. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सुटली ती याच सांगोल्याहून, पार पश्चिम बंगालमधल्या शालिमारपर्यंत. त्याचे श्रेय कुणा एका माणसाला देता येत नाही आणि देऊही नये.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. विरोधात राहिल्यामुळे आपल्याला काही गोष्टी उशिरा मिळाल्या, हे मान्य करायला हवे. पण जे मिळाले ते कुणाच्या मेहेरबानीचे नव्हते. ते मागून, भांडून, कायद्यात लिहून घेतलेले होते. मेहेरबानी सरकार बदलले की जाते. कायदा आणि कालवा राहतो.

२०१९ मध्ये वयामुळे आबासाहेब उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. जिंकले ते शहाजीबापू पाटीलच. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडूनच निवडून आले, फरक पुन्हा २५ हजारांच्या आसपास. याच्याकडे कुणी घराणेशाही म्हणून पाहील, कुणी वारसा म्हणून. मी शिक्षक आहे, मला त्यात एकच दिसते. नावावर मत मिळते असे म्हणावे तर २०१९ ला तेच नाव होते आणि लोकांनी ते नाकारले. आपल्या तालुक्याने कुणालाही कायमचा सातबारा लिहून दिलेला नाही. आबासाहेबांनासुद्धा नाही. दर पाच वर्षांनी हिशेब मागितला, आणि दोनदा तो पसंत पडला नाही.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेक जण आता दुसऱ्या शहरांचे मतदार आहेत. हडपसर, कोथरूड, ठाणे, पनवेल. परत गेल्यावर एवढेच करा. आपले नाव मतदार यादीत आहे का ते बघा. आपला आमदार कोण हे माहीत करून घ्या, आणि गेल्या अधिवेशनात त्यांनी कोणते प्रश्न विचारले ते शोधा. विधिमंडळाचे कामकाज छापले जाते, ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही. नातवंडांनी विचारले की आमदार काय काम करतो, तर रस्त्याच्या उद्घाटनाचा फलक दाखवू नका. कपात सूचना म्हणजे काय ते सांगा. समजले नाही तर मला फोन करा, मला निवृत्तीनंतर भरपूर वेळ आहे.

आणि जे अजून इथेच राहतात, त्यांना माझी विनंती आहे. टेंभूच्या शेवटच्या टोकाच्या गावांना अजून पाण्याची वाट पाहावी लागते. आमदार कुठल्याही पक्षाचे असोत, तो प्रश्न त्यांना दर अधिवेशनाआधी लेखी द्या. एकट्याने नको, दहा जणांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊन ठेवा.

वीस मिनिटे झाली, संयोजक घड्याळाकडे बघत आहेत. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, वर्गात कधी एवढे ऐकले नव्हते. थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.