ऋणमुक्त घराची वाट

पुण्यात धायरी-हडपसरसारख्या भागांत प्रथमच घर घेणाऱ्या कुटुंबांना कर्ज मुदतीपूर्वी फिटावे असे वाटते. ही इच्छा योग्यच आहे.

नऊ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे २७,००० रुपये येतो. पहिल्या हप्त्यात व्याजच २२,५०० रुपये असते. म्हणून आरंभीच जादा भरलेले एक लाख रुपये सुमारे २० हप्ते वाचवितात. अखेरच्या वर्षी तेवढ्याच रकमेने जेमतेम चार वाचतात. मात्र हप्ता नव्हे, मुदत कमी करावी, असे बँकेस लेखी कळवावे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली.

आजारपणासाठी राखलेली शिल्लक मात्र मोडू नये. एका हाताने कर्ज फेडून दुसरा हात सावकारापुढे पसरावा लागला, तर लाभ तो कसला?