परदेशात मोटारसायकल : आधी कागद, मग किक



दिवाळी आली की सुरतेचा कापडबाजार थंडावतो, हिऱ्यांच्या कारखान्यांना कुलपं लागतात. काही कारखाने तर वीस-एकवीस दिवस बंद असतात. उधना, लिंबायत, डिंडोलीतली आपली खानदेशी मंडळी या दिवसांत जळगाव-धुळ्याकडच्या गावी जातात. त्यांच्याच घरातली तरुण मुलं मात्र हल्ली वेगळा बेत आखतात. विमानानं जायचं, तिथं मोटारसायकल भाड्यानं घ्यायची आणि डोंगरात भटकायचं. आज मला या मुलांशी बोलायचंय. त्यांना पैसे देणाऱ्या आईवडिलांनीही ऐकायला हरकत नाही.

पहिला प्रश्न असतो : स्वतःची गाडी न्यायची का? आपल्या सुरतेतल्या ‘बायकिंग क्वीन्स’च्या डॉ. सारिका मेहता, जिनल शाह आणि रुताली पटेल २०१९ मध्ये वाराणसीहून निघाल्या आणि मोटारसायकलवर थेट लंडनला पोचल्या. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण अशा प्रवासामागे महिनोन् महिन्यांची कागदपत्रं असतात. चीनमध्ये परदेशी गाडी न्यायची तर परवानगी आधी काढावी लागते आणि सोबत तिथला वाटाड्या ठेवावा लागतो. इराणसारख्या देशांत ‘कार्ने’ नावाचं पुस्तक मागतात. ही गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत घेऊन जाईन, अशी ती हमी. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं आणि त्यासाठी भलीमोठी अनामत ठेवावी लागते. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्करानं सत्ता घेतली. तेव्हापासून मणिपूरहून पूर्वेकडे जाणारी वाट बंदच धरून चाला.

म्हणजे आपल्या गाडीवर सहज जाता येईल असे देश राहिले नेपाळ आणि भूतान. गाडी ताप्ती-गंगा एक्सप्रेसनं पार्सल करून उत्तरेला पाठवता येते. टाकी रिकामी करा, आरसी बुकाची प्रत जोडा, आरसे काढून पिशवीत ठेवा. नेपाळच्या नाक्यावर ‘भन्सार’ म्हणजे जकातीची पावती फाडावी लागते, तीही दिवसांच्या हिशेबानं. चार दिवसांची फाडून सहाव्या दिवशी परतलात तर दंड. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गाडीचा आपला विमा भारताच्या हद्दीपुरताच असतो. थोडा जादा हप्ता भरला की तो नेपाळ, भूतान, श्रीलंकेपर्यंत वाढवून मिळतो, पण ते आपण मागावं लागतं. एजंट आपणहून सांगत नाही.

बाकी सगळीकडे, माझं स्पष्ट मत, गाडी तिथंच भाड्यानं घ्या. आणि तिथंच खरी गोम आहे.

तुमचं लायसन्स काढून पाहा. त्यावर ‘एमसीडब्ल्यूजी’, म्हणजे गिअरची मोटारसायकल, असं आहे का? सुरतेत कित्येकांकडे फक्त मोटारीचं लायसन्स असतं आणि मोपेड मात्र रोज चालते. इथं खपून जातं, तिथं खपत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओ देतं. फॉर्म ४-ए, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. पण मूळ लायसन्सवर मोटारसायकल नसेल तर परवान्यातल्या ‘ए’ या वर्गावर शिक्का पडत नाही, आणि तो शिक्का नसेल तर परवाना दुचाकीसाठी निरुपयोगी. मूळ लायसन्सही बरोबर न्यावं लागतं. परवाना हा त्याचा जोडीदार आहे, त्याची जागा घेणारा नाही.

दुसरी गोम व्हिएतनामची. हा-जियांगचे डोंगर मोबाइलवर पाहून सगळ्यांनाच तिकडे जायचं असतं. पण आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आणि व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. त्यामुळे भारतीय परवान्यावर तिथं मोटारसायकल चालवणं कायद्यात बसत नाही. दुकानदार गाडी देतो, कारण त्याला भाड्याशी मतलब. तिथं जायचंच असेल तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जा. तशी सोय असते, आणि दरी नीट पाहायला मिळते ते वेगळंच.

पोलिसांच्या दंडाचं मला एवढं भय नाही, तो भरून सुटता येतं. भय आहे ते विम्याचं. पाय मोडला, दवाखान्यात लाखाचं बिल झालं, आणि विमा कंपनीनं विचारलं, त्या देशात ही गाडी चालवायचा परवाना होता का? नव्हता, तर पॉलिसीतलं कलम दाखवून ती मोकळी होते. प्रवासविमा घेताना तीन गोष्टी लेखी विचारा : दुचाकी चालवताना झालेला अपघात धरला आहे का, किती सीसीपर्यंत, आणि मागे बसणाऱ्याचं काय? काही पॉलिसींत मोठ्या इंजिनाची गाडी सरळ वगळलेली असते. फोनवर ‘हो हो, सगळं येतं’ म्हणणाऱ्यावर विश्वास नको. हेल्मेट नसेल किंवा रक्तात दारू असेल तरीही विमा हात वर करतो. डिसेंबर २०२४ मध्ये सुरत-बँकॉक थेट विमान सुरू झालं, तेव्हा पहिल्याच फेरीतल्या मद्यपानाच्या बातम्यांनी देशभर हशा पिकवला होता. दारूबंदीच्या राज्यातून निघालेल्या माणसाची हौस मी समजू शकतो. पण ती गाडी परत केल्यावर.

मग जायचं कुठं? सुरतकरांना मी उत्तर थायलंड सुचवीन. तिथं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात, आपला परवाना चालतो, आणि दिवाळीनंतर तिथला पाऊस सरून हवा छान होते. फेब्रुवारी ते एप्रिल मात्र टाळा. शेतं आणि जंगलं जाळल्याच्या धुरानं तेव्हा डोंगरच दिसत नाहीत. चिआंग माईहून निघून पाइ, मे हाँग सोन, मे सारिआंग करत परत चिआंग माईला यायचं, असा हा सहाशे किलोमीटरचा फेरा. त्यात १,८६४ वळणं आहेत असं ते लोक अभिमानानं सांगतात. त्यातली ७६२ चिआंग माई ते पाइ या रस्त्यावरची. सहाशे किलोमीटर म्हणजे दोन दिवस, असा सपाटीवरचा हिशेब इथं करू नका. निदान चार दिवस द्या, पाच दिले तर दोइ इन्थानोन हे २,५६५ मीटरचं त्यांचं सर्वांत उंच शिखरही होतं. डिसेंबर-जानेवारीत वर थंडी कडक असते. सुरतेच्या माणसाला ‘थंडी’ म्हटलं की फुलबाह्यांचा शर्ट आठवतो, तेवढ्यानं भागत नाही.

पाइ गावात फिरलात तर गुडघ्या-कोपरांना पट्ट्या बांधलेले पर्यटक हमखास दिसतील. बहुतेक जण घरी कधी दुचाकी न चालवलेले. आपण लहानपणापासून चालवतो, पण रिंग रोडची गर्दी कापणं वेगळं आणि घाट उतरणं वेगळं. गिअर नसलेल्या स्कूटरला उतारावर इंजिनाचा आधार कमी मिळतो. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. म्हणून बुलेटवाल्यांनाही मी सांगतो, दीडशेच्या आतली गिअरची साधी गाडी घ्या. तालीम हवी असेल तर सापुताऱ्याचा घाट आहेच. मागे माणूस आणि सामान घेऊन एकदा चढून-उतरून या, मग तिकीट काढा.

थायलंडच्या दुकानात गाडी घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नका. रोख अनामत द्या आणि पावती घ्या. गाडीचे ओरखडे सगळ्या बाजूंनी मोबाइलवर टिपून ठेवा, दुकानदाराच्या देखत. भाड्याच्या गाडीबरोबर येणारा तिथला सक्तीचा विमा माणसांच्या इजेपुरता असतो, गाडीची मोडतोड तुमच्याच खिशातून जाते. हेल्मेट घरून न्या. दुकानातलं बहुधा पट्टा सैल झालेलं टोपलं असतं. पेट्रोल भरताना नळीवरचा आकडा वाचा : ९१ किंवा ९५ घ्या, ई-८५ लिहिलेल्या नळीला हात लावू नका. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. आगमनाचं डिजिटल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट बनावट समजा.

आणि जेवण! ठेपले, खाखरे, शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यालच. पण पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरं दिसली की थांबा. तिथं ‘जे’ जेवण मिळतं. त्यात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चिनी वंशाच्या लोकांचा हा व्रताचा स्वयंपाक. त्यांचे व्रताचे नऊ दिवसही बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतात. ‘जे’ एवढंच म्हणालात तरी जैन मित्राचं पोट भरेल. नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर भाजीत मासळीचा रस येण्याची पुरेपूर शक्यता.

शेवटी, परतीचं तिकीट लाभपंचमीच्या, म्हणजे बाजार पुन्हा उघडण्याच्या, आदल्या दिवसाचं काढू नका. मधे दोन दिवस मोकळे ठेवा. डोंगरात पंक्चर निघालं, पाऊस लागला किंवा गुडघा खरचटला, तर ते दिवस कामी येतात. आणि काहीच झालं नाही, तर चिआंग माईच्या रविवारच्या बाजारात आईसाठी काय घ्यायचं, याला वेळ मिळतो.